भारतातील फुटबॉलची राष्ट्रीय साखळी



कामगार चळवळीतल्या माणसांनी फुटबॉलवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खेळाडूही घाम गाळूनच पोट भरतो. तेव्हा त्याच्या धंद्याची घडी कशी बसली आणि कशी विसकटली, हे पाहणे आमच्या कामाबाहेरचे नाही.

साखळी म्हणजे काय, ते आधी पाहू. चषकाच्या सामन्यांत बाद पद्धत असते. हरला तो घरी गेला. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ पासून असाच खेळला जाई. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा परक्या. दहा संघ असले तर प्रत्येकाचे अठरा सामने, एकूण नव्वद. शेवटी गुणांची बेरीज. बाद पद्धत ही रोजंदारी आणि साखळी हे बारमाही काम, असे म्हटल्यास चुकणार नाही, कारण साखळीतल्या संघाला मोसमभर खेळाडू पोसावे लागतात. इंग्लंडात १८८८ साली बारा संघांनी ही पद्धत सुरू केली.

आपल्याकडे राष्ट्रीय साखळी आली ती १९९६ साली. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीच्या संघाने घेतले. २००७ साली तिची 'आय-लीग' झाली. आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट ऐका. २००४-०५ ते २०१२-१३ अशी सलग नऊ विजेतेपदे या कोकणपट्टीबाहेर गेली नाहीत. धेंपोने पाच, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक, आणि २००५-०६ चे मुंबईच्या महिंद्र युनायटेडने. वर मुंबई, खाली गोवा, आणि मधे आपण!

हे वैभव टिकले मात्र नाही. महिंद्रचा संघ २०१० मध्ये बंद झाला, जेसीटीचा २०११ मध्ये. २०१२-१३ मध्ये दुसरा आलेला पुणे एफसी २०१५ नंतर उरला नाही. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग, महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. जो संघ मालकाच्या खिशावर उभा असतो, तो कचेरीतल्या एका ठरावाने आडवा होतो. गिरणगावात चाकरी केलेल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

दरम्यान २०१४ मध्ये आठ संघांची 'इंडियन सुपर लीग' निघाली. प्रत्येकाचे चौदा सामने, मग पहिल्या चौघांत बाद फेरी. पैसा आला, दिवे आले, परदेशी खेळाडू आले. परंतु प्रवेश गुणांवर नव्हता, शुल्कावर होता. २०२२-२३ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीवर गेली आणि तिचा विजेता वर चढू लागला; २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग. खाली उतरणे मात्र २०२४-२५ पर्यंत कोणाच्याच वाट्याला आले नाही. चढण आहे आणि उतरण नाही, अशी शिडी अर्धीच म्हणायची.

जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी पुढचा मोसमच रोखून धरला. महासंघाशी २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता. वाद वरच्या दोघांचा. पण काही संघांनी पगार थांबवले ते खेळाडूंचे.

इंग्लंडच्या खेळाडूंनी १९०७ साली मँचेस्टरला आपली संघटना बांधली. आठवड्याला वीस पौंडांची वेतनमर्यादा १९६१ साली उठली, ती संपाची नोटीस हातात होती म्हणून. आमचे म्हणणे इतकेच, की मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाने वर्षाच्या पगाराची रक्कम अनामत ठेवावी. त्याशिवाय त्याला मैदानात उतरू देऊ नये.

आणि मंडळी, उद्या आपल्यापैकी कोणाचा मुलगा तेरेखोल ओलांडून एखाद्या संघात गेला, तर हारतुरे घालण्याआधी त्याचा करार वाचा. किती महिन्यांचा, पगार कोणत्या तारखेला, आणि गुडघा मोडला तर औषधपाणी कोणाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्या, मग सही करा.