करुणेने मारलेली मूठ

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड वारले. शरीरक्रियाशास्त्रातले युरोपातले मोठे नाव. फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला; शास्त्रज्ञाला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या एका इंग्रज बाईची मात्र खात्री होती, की त्यांना आपणच मारले. विष नाही, शस्त्र नाही, नुसत्या संकल्पाने. आपल्या कोकणात याला मूठ मारणे म्हणतात.

बाईचे नाव ॲना किंग्सफर्ड. जन्म १८४६चा, नवरा श्रॉपशरमध्ये पाद्री. प्रकृती तोळामासा, त्यात दम्याने हैराण. झोपेत तिला दर्शने होत, ग्लानीत ती बोले आणि एडवर्ड मेटलंड नावाचे गृहस्थ ते उतरवून घेत. पॅरिसला तिच्यासोबत राहिले तेही मेटलंडच. नवऱ्याची त्याला संमती होती, एवढे सांगून पुढे जाऊ.

१८७४ साली ती पॅरिसला गेली ती मुक्या जनावरांसाठी. जिवंत प्राण्यांची चिरफाड बंद पाडायची, तर डॉक्टर होऊनच बोलले पाहिजे, हा तिचा हट्ट. १८८०मध्ये पदवी घेतली ती एकाही प्राण्यावर सुरी न चालवता, आणि प्रबंध लिहिला शाकाहारावर. शिकत असताना एकदा वर्गात बर्नार्ड यांच्या प्रयोगांचे वर्णन चालले होते. शरीरातल्या उष्णतेचा अभ्यास करायचा म्हणून जिवंत जनावरे तापल्या भट्टीत ठेवायची. ती वर्गातच उसळली, प्राध्यापकांशी भांडली, आणि मग होते नव्हते ते सारे बळ एकवटून तिने बर्नार्ड यांच्यावर शाप सोडला. काही आठवड्यांत ते गेले. ते आधीपासून आजारी होते, हे तिने हिशेबात धरलेच नाही.

१८८३मध्ये ही बाई थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या लंडन शाखेची अध्यक्ष झाली. सोसायटीचे ठाणे नुकतेच मुंबईहून अड्यारला हलले होते, आणि लंडनचे सभासद तिबेटातल्या महात्म्यांच्या पत्रांनी भारावले होते. ॲनाचे म्हणणे, गूढविद्या आपल्या ख्रिस्ती आणि ग्रीक परंपरेत असताना तिबेटला कशाला जायचे? खटके उडाले. १८८४मध्ये तिने वेगळी हर्मेटिक सोसायटी काढली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी तिला बजावले होते, की चिरफाडीविरुद्धचा लढा तत्त्वाशी द्यावा, माणसांशी नव्हे. मॅडमबद्दल एरवी काहीही म्हणा, हा सल्ला शहाणपणाचा होता. बाईने तो मानला नाही. १८८६च्या नोव्हेंबरात प्राण्यांवर प्रयोग करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर हनोईत वारले. तोही बळी तिने आपल्याच खात्यावर मांडला. पुढचे नाव लुई पाश्चर यांचे.

पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत ती गेली त्याच महिन्यात. जाताना पावसात चिंब भिजली, न्यूमोनिया झाला, पाठोपाठ क्षय. २२ फेब्रुवारी १८८८ला ती गेली, अवघ्या ४१व्या वर्षी. पाश्चर त्यानंतर सात वर्षे जगले.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती मेटलंड यांच्या हातून. त्यांनी दोन खंडांत चरित्र लिहिले आणि तिचे कागद जाळून टाकले. तेव्हा बाई किती आणि मेटलंड किती, हे आता वेगळे काढता येत नाही. तिच्या वाचकांत गांधीजीही होते; लंडनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी तिचे आहारावरचे पुस्तक आवडीने वाचले. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत असताना त्यांचा मेटलंड यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आणि १८९४मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात त्यांनी ॲना आणि मेटलंड यांच्या पंथाच्या पुस्तकांची जाहिरातही दिली. बर्नार्ड यांच्यावरच्या शापाची कहाणी सांगणारे चरित्र १८९६चे. अहिंसेच्या या उपासकाने पुस्तके विकायला घेतली, तेव्हा ते छापलेच नव्हते.