धावण्यापूर्वी थांबा, थांबून वाचा

(तुमसर येथे कार्यकर्ते व नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



पूर असो वा रेल्वेचा अपघात, हाक येताच धावून जाणे हा आपला संस्कार आहे. आज मात्र मी अशा प्रसंगाविषयी बोलणार आहे, जेथे पहिले कर्तव्य धावण्याचे नसून थांबण्याचे आहे.

आपले तुमसर भाताचे आणि मँगनीजचे. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणींना सुरुंगाची स्फोटके लागतात, पाणीपुरवठ्याला क्लोरीन लागतो, घरोघरी गॅस लागतो. घातक पदार्थांची ही वाहतूक आपल्या दारावरूनच होते. २७ ऑगस्ट २०१२ रोजी केरळमधील कन्नूरजवळ चाला येथे गॅसचा टँकर उलटला. गॅस पसरून पेटला आणि २० जणांचे प्राण गेले. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या बंदर परिसरात पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. त्यांत मदतीला गेलेले अग्निशमन जवानही होते.

मग करायचे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंस व मागे माहितीफलक असणे बंधनकारक आहे. त्यावर पदार्थाचे नाव, चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि आपत्कालीन दूरध्वनी असतो. तो क्रमांक दुरूनच वाचावा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळ आणून पाहता येतो.

या क्रमांकाचा अर्थ सांगणारी एक मार्गदर्शिका अमेरिका, कॅनडा व मेक्सिको मिळून दर चार वर्षांनी काढतात. २०२४ ची आवृत्ती इंग्रजीत विनामूल्य मिळते. तिची रचना सोपी आहे. पिवळ्या पानांत क्रमांकावरून, निळ्या पानांत नावावरून पदार्थ शोधायचा. तेथे दिलेल्या मार्गदर्शक क्रमांकाचे नारिंगी पान उघडले की धोके आणि उपाय कळतात. विषारी वायूंसाठी किती अंतर राखावे, हे हिरव्या पानांत दिवस व रात्र असे वेगवेगळे दिलेले आहे.

उदाहरण घ्या. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, मार्गदर्शक क्रमांक ११५. गळती असेल तर चहूबाजूंनी किमान १०० मीटर मोकळे करा. टँकर आगीत सापडला असेल तर १६०० मीटर! बाजारपेठेजवळ असे घडल्यास किती वस्ती हलवावी लागेल, याचा विचार करा. गळती थांबवता येत नसेल तर पेटलेला गॅस विझवू नये, हेही तेथे बजावले आहे. कारण न जळलेला गॅस साचून पुढे स्फोट होतो. १०१७ म्हणजे क्लोरीन. तो हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतो. म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला, उंचावर जावे.

हे पुस्तक पहिल्या काही मिनिटांपुरते आहे. पुढचे काम अग्निशमन दल व तज्ज्ञांचे. आपण ११२ वर ठिकाण, क्रमांक आणि वाऱ्याची दिशा कळवावी, गर्दी मागे हटवावी, विडी-काडी पेटू देऊ नये, इंजिन सुरू करू देऊ नये. सांडलेले पेट्रोल भरायला डबे घेऊन धावणाऱ्यांना तर हात जोडून अडवावे.

प्रत्येक वस्तीत निदान दोघांनी ही मार्गदर्शिका अभ्यासावी आणि इतरांना मराठीत समजावून सांगावी. धाडसाला ज्ञानाची जोड नसेल, तर मदतीला गेलेलाच मदतीचा धनी होतो. सेवेसाठी निघालेला प्रत्येक कार्यकर्ता सुखरूप घरी परतला पाहिजे, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.