पैलतीराचे वारकरी
(शताब्दी सोहळ्यात डोणगाव येथे केलेले भाषण)



आळंदी-देहूच्या पालख्या वाखरीवरून सरळ पंढरीत शिरतात. त्यांना ऐन पंढरपुरात भीमा आडवी येत नाही. आपलं तसं नाही. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर, आणि आपण येतो डाव्या अंगानं. डोणगाव सोडलं की पैनगंगा, पूर्णा, दुधना, गोदावरी, सीना आणि शेवटी भीमा. पंढरीत ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा.

पूल नव्हते तेव्हा नद्या उतार पाहून, नाहीतर नावेनं ओलांडायच्या. आषाढी म्हणजे भर पावसाळा. पाण्याला ओढ असली की काठावरच मुक्काम. डोळ्यांपुढं पंढरी, पण पाय पोचत नाही. कोळी बांधवांनी नाव लावली की मगच वाळवंटात उतरायचं.

याच पैलतीरावर चोखोबा राहिले, अशी कथा आहे. गावातून घालवून दिलं, तर त्यांनी तिथून देवासाठी दीपमाळ उभारली. आपल्या जिल्ह्यातलं मेहुणाराजा ही त्यांची जन्मभूमी मानतात. म्हणजे आपलाच माणूस, बाप्पा!

आपली दिंडी सुरू झाली त्या काळी नदी उतरलेल्या प्रत्येकाला देऊळ मिळत नव्हतं. सहा नद्या पार करून काही वारकऱ्यांना महाद्वारी, चोखोबांच्या समाधीपाशी थांबावं लागे. पुढची चार पावलं मात्र ओलांडता येत नसत. त्यासाठी साने गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं.

आज पूल आहेत. पैलतीरावर ६५ एकरांत दिंड्यांचे तंबू लागतात. पण घरी परतल्यावर काय?

लहानपणी एका काल्याच्या पंगतीत म्या पाह्यलं. वाटभर आमच्यासोबत टाळ वाजवणारे एक म्हातारे बाबा पत्रावळ घेऊन आपण होऊन दूर, शेवटी जाऊन बसले. त्यांना कोणी ऊठ म्हटलं नाही, पण इकडं या, असंही कोणी म्हटलं नाही. मीही नाही. ते अजून मनात सलतं.

वाटेत आपण एकमेकांच्या पाया पडतो. ते गावात आल्यावरही टिकलं पाहिजे. शंभराव्या वर्षी एवढंच मागणं: यंदाच्या काल्याला पंगतीत दूर कोणी बसलेला दिसला, तर आपली पत्रावळ उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. ही सातवी नदी. ती घरीच आहे, आणि तिला पूल आपणच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!