वेगवेगळ्या वाटांनी आलेल्यांचे स्वागत

सोयाबीनची सोंगणी आटोपून रिसोड, मानोरा, मंगरूळपीरहून आलेल्या आशाताई, शिक्षक, बचत गटांच्या भगिनी आणि आपल्या आजारी माणसाला सोबत घेऊन आलेले कुटुंबीय,

वाकाटकांच्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीममध्ये, मी सर्वांचे मनापासून स्वागत करतो.

मानसिक आरोग्याच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष डॉक्टर नाही, याचे काहींना नवल वाटले. माझी सगळी नोकरी पीककर्जाच्या टेबलावर गेली. थकबाकीदाराची झोप उडालेली असते, त्याचे जेवण तुटलेले असते, हे मी तिथे पाहिले. म्हणूनच आज मला वैद्यकाबाहेरून या कामात आलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांची आठवण काढायची आहे.

वाणीसर मूळचे धुळ्याचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्र आणि विमागणित शिकवत. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि या आजारात घरातल्यांची होणारी फरपट त्यांनी स्वतः सोसली. पण ते दुःख त्यांनी घरात कोंडून ठेवले नाही. 1997 मध्ये पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे सांभाळ करणाऱ्यांना शुभंकर म्हणतात, रुग्णांना शुभार्थी. त्यांचे स्वमदत गट भरतात. औषध नाकारणाऱ्या मुलाशी काय बोलावे, हे तिथे दुसरी आई सांगते. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणीसर उभे राहिले. गणिताच्या प्राध्यापकाने चित्रपटात का पडावे? कारण पत्रकाने जे घराघरांत पोचत नव्हते, ते अतुल कुलकर्णींनी साकारलेल्या, स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषने पोचवले.

ही वाट त्यांच्या एकट्याची नाही. अनिल अवचट वैद्यकीची पदवी घेऊन पत्रकारितेत रमले. गर्द या अमली पदार्थावरच्या त्यांच्या लेखनातून आणि डॉ. अनिता अवचटांच्या कामातून 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. भार्गवी दवर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. आईच्या वाट्याला आलेले मनोरुग्णालय लहानपणी पाहिलेल्या या बाईंनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ स्थापला आणि त्या उपचारांत माणसाचे हक्क कुठे आहेत, असा प्रश्न विचारत राहिल्या. मला तो प्रश्न आजही अपुराच ऐकला गेलेला वाटतो.

मित्रहो, आपल्या जिल्ह्याला अशा माणसांची फार गरज आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी शासनाने आणलेल्या प्रेरणा प्रकल्पात वाशीमही आहे. त्यात घरोघरी जाऊन ‘झोप लागते का?’ असे पहिल्यांदा विचारते ती आशाताई. मनोविकारतज्ज्ञ हवेतच, आणखी हवेत, ही मागणी आपण सोडणार नाही. पण तज्ज्ञापर्यंत माणूस पोचवायचा कोणी? कृषी सहायक, ग्रामसेवक, किराणा दुकानदार, निवृत्त गुरुजी यांना गावातले दार उघडे असते.

तेव्हा एक विनंती. नोंदणीच्या कागदावर हुद्द्याबरोबर आजवर केलेली सगळी कामे लिहा: शिवणकाम, एसटीची वाहकी, भजनी मंडळ, काहीही. दुपारच्या सत्रात तालुकावार गट त्यावरूनच पाडायचे आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दाराशी लावला आहे. तो उतरवून घ्या. कुटुंबीयांसाठी पुढच्या दोन रांगा राखल्या आहेत. कृपया पुढे या.