अनगार आणि बेघर
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात शिवाजी पार्क येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या शास्त्रांनी व्रतींचे दोन प्रकार सांगितले आहेत : अगारी आणि अनगार. घरात राहून व्रते पाळणारा श्रावक अगारी; गृहत्याग केलेले मुनी अनगार. मुनींनी घर स्वेच्छेने सोडलेले असते आणि त्यांच्या पाठीशी चतुर्विध संघ उभा असतो. आहाराची काळजी श्रावक वाहतात, आजारपणात सहसाधू वैयावृत्त्य करतात. म्हणून घर नसूनही ते निराधार नसतात. दादर परिसरात रात्री पदपथावर अंग टाकणाऱ्या माणसाला मात्र घर नाही आणि बहुधा संघही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघरांची नोंद झाली. आपण त्यांना अन्न देतो, थंडीत ब्लँकेटे वाटतो. हे पुण्यकार्यच आहे. पण वर्षानुवर्षे पदपथावर राहिलेला माणूस एवढ्याने तेथून बाहेर पडत नाही. कारण त्याला वस्तूंइतकीच सोबतीची गरज असते.

याचे उदाहरण येथून जवळच, भायखळ्याला घडले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्या भयाच्या काळात, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेच्या साहाय्याने भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रिया एकत्र आल्या आणि १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ उभे राहिले.

त्यांची पद्धत साधी होती. त्यांच्यातीलच एक स्त्री दररोज झोपडी-झोपडीत जाऊन बचतीचे पैसे गोळा करी. रक्कम लहान असे. पण त्या फेरीत कोण आजारी आहे, कोणाची मजुरी बुडाली, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हेही कळे. अडल्यानडल्याला कर्ज कोणाला द्यायचे, हे त्या स्वतःच ठरवीत. भावी घराचा आराखडाही त्यांनी मांडला. कापड आणि पुठ्ठा वापरून पूर्णाकृती नमुने उभारले व उंच छताखाली पोटमाळा असावा, असे सुचविले. घरासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. पुढे मानखुर्दला त्यांची ‘मिलननगर’ ही वसाहत झाली. तोवर शेजार मात्र पदपथावरच तयार झाला होता, आणि तो त्यांच्याबरोबर नव्या घरात गेला.

ज्यांना कुटुंबच उरले नाही, ज्यांना मानसिक आजाराने रस्त्यावर आणले, त्यांचे काय? १९९३ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘द बॅनियन’ संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ हा उपक्रम हाती घेतला. चार-पाच जण सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात. स्वयंपाक, बाजारहाट वाटून घेतात, एकमेकांच्या औषधांकडे लक्ष देतात. मदतीला प्रशिक्षित साहाय्यक असतात. ज्यांचे आयुष्य एरवी मनोरुग्णालयाच्या भिंतींत संपले असते, त्यांना असे शेजारी लाभतात.

बंधू-भगिनींनो, आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या दानांत आहार, औषध आणि उपकरण यांच्याबरोबर आवासही गणला आहे. तेथे प्रसंग मुनिसेवेचा आहे, हे खरे. परंतु जीवांनी परस्परांना आधार द्यावा, हा आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितलेला धर्म केवळ मुनींपुरता नाही. आहारदान आणि औषधदान आपण निष्ठेने केले. आवासदानाकडे अजून पुरेसे वळलो नाही.

त्यात अडचण पैशाची कमी आणि मनाची अधिक आहे. ट्रस्टने उद्या चौघांसाठी एक सदनिका भाड्याने घ्यायचे ठरविले, तर निधी उभा राहील. पण आपल्याच सोसायटीच्या सभेत हा विषय आला, तर किती हात वर होतील? कालपर्यंत पदपथावर झोपणाऱ्याशी जिन्यात भेट होताच आपण ‘जय जिनेंद्र’ म्हणू का? ब्लँकेट देऊन आपण घरी परतू शकतो. शेजारी झाल्यावर तसे परतता येत नाही. ही खरी कसोटी आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने असे एक घर, निदान तीन वर्षांसाठी, अनुभवी संस्थेच्या मार्गदर्शनाखाली चालवावे आणि आपल्यातील काही कुटुंबांनी त्या घराचे शेजारपण नियमाने स्वीकारावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र!