मोरचूद निळं का असतं?

घरात चौथी-पाचवीतलं कुणी असेल तर त्यालाही जवळ बसवा. आजचा विषय मोरचूद. नावातच मोर आहे, आणि रंगही मोराच्या मानेसारखा.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात तांबं आहे, गंधक आहे, ऑक्सिजन आहे आणि चक्क पाणी आहे! हात लावला तर खडा कोरडा, पण १०० ग्रॅम मोरचुदात साधारण ३६ ग्रॅम पाणीच असतं. शाळेच्या लॅबमध्ये सर हा खडा परीक्षानळीत तापवतात. पाणी उडून जातं आणि निळ्या खड्याची पांढरी भुकटी होते. ती थंड झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं की परत निळी! म्हणजे हा रंग एकट्या तांब्याचा नाही, तांबं आणि पाणी या जोडीचा आहे. ही जोडी उजेडातला तांबडा-नारिंगी भाग शोषून घेते. उरलेला निळा आपल्याला दिसतो.

निसर्गातही ते मिळतं, पण पाण्यात सहज विरघळतं. म्हणून पाऊस नसलेल्या जागी टिकतं, जसं चिलीच्या वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीत.

आता फ्रान्समध्ये चला. बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. का? तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून! मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की नेमक्या याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगाला सांगितला. तेच आपलं बोर्डो मिश्रण. नाशिकची द्राक्षं असोत की कोकणातली सुपारी, आजही फवारलं जातं.

शेतकरी त्याची टेस्टिंगही करतात बरं का! मिश्रणात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, म्हणून हा थर. याच कारणाने मिश्रण लोखंडी बादलीत नाही, प्लॅस्टिकच्या पिंपात करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोरचूद विषारी आहे. पोटात गेलं तर उलट्या होतात, लिव्हर आणि किडनी खराब होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. लहान मुलांना ते खडीसाखरेसारखं वाटू शकतं. म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत किंवा डब्यात काढून ठेवू नका. पुडा कुलपात ठेवा. कुणी गिळलंच तर घरगुती उपाय नको, पुडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

छोट्या दोस्तांनो, तुमच्यासाठी नियम एकच: निळा खडा डोळ्यांनी बघायचा, हात मागे ठेवून. भेटू पुढच्या भागात!