मासे आजारी, की पाणी आजारी?

१९५१ साली मुंबईत समुद्रकिनारी तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथल्या काचांना नाक लावून परतलेल्या किती मुलांनी घरी मासे हवेत म्हणून हट्ट धरला असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मासे आणणे सोपे असते. परंतु एखाद्या सकाळी पेटीतले सगळे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, आणि घरात एकच धांदल उडते. कुणी म्हणतो मीठ टाका, कुणी म्हणतो निळे औषध घाला. दुकानातून दोन-तीन बाटल्या येतात आणि त्या सगळ्या पाण्यात रिकाम्या होतात. संध्याकाळपर्यंत मासे दगावले, तर ते रोगाने गेले की औषधाने, हे सांगणे कठीण असते.

तेव्हा औषधाआधी निदान. आता मासा काही बोलत नाही, त्याची नाडीही पाहता येत नाही. पण एक साधा प्रश्न निम्मे निदान करून टाकतो. तो असा, की किती मासे आजारी पडले, आणि किती वेळात?

काल संध्याकाळी धडधाकट असलेले सगळे मासे आज सकाळी एकदम तडफडत असतील, तर तो बहुधा साथीचा रोग नव्हे. रोगजंतूंना पसरायला दिवस लागतात. लहान-मोठे, निरनिराळ्या जातींचे मासे काही तासांत एकदम पडले, तर आजारी पडले आहे ते पाणी. आज एक, परवा दुसरा, असा क्रम असेल तर संसर्गाचा संशय घ्यावा. आणि एकच मासा मलूल असून बाकीचे मजेत असतील, तर इजा, वय किंवा दांडग्या सोबत्याचा जाच ही कारणे आधी पाहावीत.

पाण्यावर एवढा भर का? माशाचे घर, त्याची हवा आणि त्याची मोरी, हे सारे एकच पाणी असते. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. हा अमोनिया विषारी. निसर्गाने त्यावर तोड ठेवली आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. हे जिवाणू वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात, आणि नव्या पेटीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली, त्याच दिवशी वीस मासे सोडले आणि पुढच्या आठवड्यात ते मेले, या नेहमीच्या कहाणीचे मर्म हे आहे. नायट्राइट वाढले, की माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, कल्ले तपकिरी दिसतात, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो.

आता दुसरा प्रश्न. गेल्या चोवीस तासांत काय बदलले? याचे उत्तर पुष्कळदा ‘काही नाही हो, फक्त पेटी स्वच्छ केली’ असे येते. नेमके तिथेच पाणी मुरते! नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. स्पंज नळाखाली खसखसून धुतला, की जिवाणूंची वस्ती उद्ध्वस्त होते. ताजे पाणी तसेच ओतले, की माशांचे कल्ले भाजतात. इमारतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडली असेल, तर विचारूच नका.

याहून फसवी गोष्ट जुन्या, दुर्लक्षित पेटीची. महिनोन्‌महिने पाणी बदलले नाही, की ते आम्ल होत जाते. आम्ल पाण्यात अमोनियाचे विष दबून राहते. मग एके दिवशी उत्साहाने बहुतेक पाणी काढून नळाचे अल्कधर्मी पाणी भरले जाते. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला, की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे नऊपट होतो. पाणी आरशासारखे नितळ, आणि मासे मात्र तळाशी!

कधी कारण पेटीच्या बाहेर असते. रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला, आणि अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेऊ लागल्या, तर पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. उन्हाळ्यात हे अधिक. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. खोलीत डास-झुरळांचे औषध फवारले असेल, तर तीच हवा पंप पाण्यात ढकलतो, आणि ही औषधे माशांना फार घातक असतात.

पाणी निर्दोष ठरले, मगच रोगाकडे वळावे. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि मासा दगडांवर अंग घासतो, तर तो ठिपक्यांचा रोग. यातला परजीवी कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून पाण्यात पोहू लागला, की मगच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवू नये. अंगावर सोनेरी धूळ दिसली, तर तो निराळा परजीवी. तो विजेरीच्या तिरप्या उजेडात दिसतो. पोट फुगून खवले उभे राहिले आणि मासा अननसासारखा दिसू लागला, तर तो जलोदर. त्यातून मासा क्वचितच वाचतो.

आणि कधी मासा आजारी नसतोच, बरे का! विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे बारीक दाणे येतात. तो रोग नव्हे. गुरामी आणि फायटर हे मासे वर येऊन हवा घेतातच. ती त्यांची रीत.

मग प्रसंग आला तर करावे काय? अन्न बंद, दिवा बंद, हवा जोरात. क्लोरीन घालवलेले, तितक्याच उष्णतेचे पाणी घेऊन तिसरा हिस्सा बदलावा. पेटी फार दिवस दुर्लक्षित असेल, तर एका वेळी दहावा हिस्साच. पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते. क्लोरामीन घातलेले असेल तर मात्र उडत नाही. त्यासाठी दुकानातले पाणी शुद्ध करण्याचे थेंबच हवेत. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबही मिळतात, औषधाच्या बाटलीआधी ते घरात असावेत. नायट्राइट आढळले, तर लिटरला एक ग्रॅम मीठ उपयोगी पडते. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. म्हणजे मीठ टाका म्हणणारा अगदीच चुकत नाही, फक्त ते कशासाठी टाकायचे हे त्याला ठाऊक हवे.

आपण काचेच्या चार भिंतींत एक लहानसे तळे कोंडतो. नदीतल्या माशाला पाणी बिघडले तर दुसरीकडे जाता येते, आपल्या माशाला जाता येत नाही. त्याच्या वाटचे पाणी पारखणे हे आपलेच काम. माशांना औषध देण्यापूर्वी पाण्याची विचारपूस करावी, एवढेच आज आपल्याला सांगायचे होते.